सोयाबीनच्या वाट्याचा अर्धा टक्का

दरवर्षी २७ फेब्रुवारीला फोनवर ‘प्रोटीन डे’चे मेसेज फिरतात. ताटात डाळ किती हवी, अंडं किती, सोया किती, याची रंगीत चित्रं असतात. आपण बघतो, कधी फॉरवर्ड करतो आणि विसरतो. भारतात हा दिवस २०२० साली ‘राइट टू प्रोटीन’ नावाच्या मोहिमेनं सुरू केला. या मोहिमेमागं यूएस सोयाबीन एक्स्पोर्ट कौन्सिल ही अमेरिकन संस्था आहे, आणि त्या संस्थेला मिळणाऱ्या पैशांतला एक वाटा थेट तिथल्या सोयाबीन शेतकऱ्यांच्या खिशातून येतो.

म्हणजे भारतातल्या माणसानं जास्त प्रथिनं खावीत, यासाठी आयोवा-इलिनॉयचा शेतकरी पैसे मोजतो. त्याचा हिशोब लांबचा आहे. लोक अंडी-चिकन जास्त खातील, तर कोंबड्या वाढतील. कोंबड्या वाढल्या, तर त्यांना पेंड लागेल. पेंड लागली, तर आज ना उद्या जगात कुठून तरी सोयाबीन घ्यावं लागेल.

मला प्रश्न पडला तो वेगळाच. अमेरिकेचा सोयाबीनवाला आपल्या पिकाची जाहिरात माझ्या फोनपर्यंत पोचवतो. मग लातूरचा, वाशीमचा सोयाबीनवाला त्याच्या पिकासाठी असं काही का करू शकत नाही?

पन्नास सेंटचा हिशोब

अमेरिकेतल्या या पद्धतीला ‘चेकऑफ’ म्हणतात. १९९० साली तिथं त्यासाठी कायदा झाला आणि १९९१ पासून कपात सुरू झाली. नियम सोपा आहे. शेतकऱ्यानं सोयाबीन विकलं की पहिला खरेदीदार बिलातूनच अर्धा टक्का कापून घेतो, म्हणजे शंभर डॉलरमागे पन्नास सेंट. त्यातला निम्मा पैसा त्या राज्याच्या सोयाबीन मंडळाकडे राहतो आणि निम्मा देशपातळीवरच्या युनायटेड सोयाबीन बोर्डाकडे जातो. त्या बोर्डावर शेतकरीच बसतात. १९९४ मध्ये मतदान झालं, तेव्हा शेतकऱ्यांनी ही कपात चालू ठेवायचा कौल दिला.

या पैशांतून बियाण्यावर आणि रोगांवर संशोधन होतं, परदेशात गिऱ्हाईक शोधलं जातं, सोयाबीनचे नवे उपयोग काढले जातात. त्या काळी तेल पडून राहण्याची अडचण होती. पेंडीला मागणी असे, पण तिच्यासोबत निघणाऱ्या तेलाचं काय करायचं हा प्रश्न असे. १९९२ साली राज्यांच्या सोयाबीन मंडळांनी चेकऑफच्या पैशांतून सोया डिझेलसाठी एक वेगळं मंडळ उभं केलं. अमेरिकेतल्या बायोडिझेल उद्योगाची ही एक मोठी सुरुवात ठरली. एकट्या शेतकऱ्याला हे जन्मात जमलं नसतं.

तिथंही सगळे खूश नाहीत. सक्तीनं पैसे का घेता, म्हणून मोठे खटले झाले. मशरूमच्या सक्तीच्या वर्गणीविरुद्ध २००१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, तर बीफचा चेकऑफ २००५ साली त्याच न्यायालयानं वैध ठरवला. आणखी एक अट लक्षात ठेवण्यासारखी आहे. चेकऑफचा पैसा सरकारी धोरणावर दबाव आणायला वापरता येत नाही. त्या कामासाठी शेतकऱ्यांची वेगळी संघटना आहे, तिची वर्गणीही वेगळी.

पीक तिकडं, खोकी इकडं

मी राहतो त्या मानकोलीत सोयाबीन पिकत नाही. भिवंडी तालुक्यातलं, मुंबई-नाशिक महामार्गावरचं हे गाव भाताचं. आता शेतांच्या जागी गोदामं आहेत. त्या गोदामांत रिफाइंड सोयाबीन तेलाचे डबे आणि सोयावडीची खोकी ट्रकमधून उतरतात आणि मुंबई-ठाण्याच्या दुकानांत जातात. खोकी उचलणाऱ्यांत मराठवाड्याकडची पोरंही असतात. मृग लागला की काहीजण पेरणीला गावी जातात आणि काढणी झाली की परत येतात. ज्या पिकाला भाव नाही म्हणून ती गाव सोडून आली, त्याच पिकाचं तेल ती इथं खांद्यावरून वाहतात. डब्यावर ब्रँडचं नाव असतं, कारखान्याचा पत्ता असतो. पिकवणाऱ्याचा मात्र कुठे मागमूस नसतो.

पिकवणाऱ्याच्या मालावर आपल्याकडे काहीच वसूल होत नाही, असं नाही. बाजार समितीत सोयाबीन नेलं की हिशोबपट्टीत हमाली आणि तोलाई कापली जाते. शिवाय १९६३ च्या बाजार समिती कायद्यानं बाजार फी घेतली जाते, साधारण शंभर रुपयांना रुपयाच्या आसपास. कागदोपत्री ती खरेदीदार भरतो, पण भाव बोलताना तो ती धरूनच बोलतो. हा पैसा समितीच्या आवाराला, रस्त्याला, शेडला, नोकरांच्या पगाराला जातो. ते गरजेचंच आहे. पण तो पैसा बाजाराचा, पिकाचा नाही. सोयाबीनवर वसूल झालेला रुपया सोयाबीनच्या संशोधनासाठी किंवा प्रचारासाठी परत येत नाही.

माटुंग्यातली प्रयोगशाळा

ही कल्पना आपल्याला परकी आहे, असं मला आधी वाटायचं. पण तिचा जुना पुरावा आपल्या मुंबईतच आहे.

१९२१ साली इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी स्थापन झाली. तिचं मुख्यालय मुंबईत होतं. १९२३ साली कापूस उपकराचा कायदा झाला आणि देशातल्या गिरण्यांत वापरल्या जाणाऱ्या व परदेशी जाणाऱ्या कापसावर गाठीमागे दोन-चार आणे घेतले जाऊ लागले. हा पैसा सरकारी तिजोरीत विरघळायचा नाही. तो कापसासाठीच राखून ठेवलेला असे.

त्यातून काय झालं? १९२४ साली माटुंग्याला कापसाची प्रयोगशाळा उभी राहिली. संशोधन केंद्रांनी काढलेल्या नव्या वाणांची रुई इथं यायची, तिचं सूत काढून पाहिलं जायचं आणि मगच वाण चांगला की नाही ते ठरायचं. आज तीच संस्था ‘सिरकॉट’ म्हणून ओळखली जाते आणि ती माटुंग्यालाच आहे. त्याच १९२४ साली इंदूरला एक संशोधन संस्था निघाली, तिलाही या कमिटीचं अनुदान होतं. तिचे प्रमुख होते अल्बर्ट हॉवर्ड. सेंद्रिय शेतीवाले आजही ज्या ‘इंदूर पद्धती’च्या कंपोस्ट खताचं नाव घेतात, ते तिथंच तयार झालं.

या कमिटीला शेतकऱ्यांची संस्था म्हणता येणार नाही. तिच्यावर गिरणीमालक, व्यापारी आणि सरकारी अधिकारी यांचं वजन जास्त होतं. शेतकऱ्यांचे प्रतिनिधी असत, पण त्यांची नेमणूक सरकार करी. ब्रिटिशांना लांब धाग्याचा कापूस हवा होता, हा हेतूही उघड होता. तरी एक तत्त्व तिनं घालून दिलं: पिकातून निघालेला पैसा पिकाकडे परत.

तेच तत्त्व पुढे लाख, ताग, ऊस, नारळ, तंबाखू यांना लागू झालं. १९४७ साली तेलबियांचीही कमिटी झाली. नंतर धोरण बदललं. वेगवेगळ्या कमिट्यांमुळे संशोधन विखुरतं, असं ठरलं आणि १९६५-६६ च्या सुमारास या कमिट्या बंद करून त्यांच्या संस्था भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडे दिल्या गेल्या.

आता सोयाबीनकडे पाहा. सोयाबीनचा अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प सुरू झाला १९६७ साली. सत्तरच्या दशकात मध्य प्रदेशात, खरिपात पडीक राहणाऱ्या काळ्या जमिनीत हे पीक पसरलं. ऐंशी-नव्वदच्या दशकांत ते विदर्भ-मराठवाड्यात आलं आणि ज्वारी-कापसाच्या जागी बसलं. १९८७ साली इंदूरला सोयाबीनचं राष्ट्रीय संशोधन केंद्र झालं. १९९४ साली जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचं जेएस-३३५ हे वाण आलं आणि पुढची अनेक वर्षं शिवारात तेच दिसत राहिलं.

म्हणजे पिकाच्या कमिट्यांचं युग संपलं आणि वर्ष-दोन वर्षांनी सोयाबीनचा जमाना सुरू झाला. वाण सरकारी संशोधनानं दिलं, मोल बाजारानं ठरवलं. पिकवणाऱ्यांची स्वतःची, पिकाच्या नावाची आणि पिकाच्या पैशांवर चालणारी संस्था मात्र बनली नाही. प्रक्रिया करणाऱ्यांची झाली: ‘सोपा’ ही सोयाबीन प्रक्रिया उद्योजकांची संघटना १९७९ पासून इंदूरला आहे. पिकाचे अंदाज ती देते, सरकारशी ती बोलते. तिनं आपल्या सभासदांचं हित पाहावं, यात गैर काही नाही. पण कारखानदाराला बी स्वस्त हवं आणि शेतकऱ्याला महाग, एवढं तर कुणालाही कळतं.

अंडीवाल्यांनी करून दाखवलं

बाकीच्यांना जमलं का? जमलं. १९७५ साली सहकारी साखर कारखान्यांच्या ऊस उत्पादक सभासदांनी मांजरीला संशोधन संस्था काढली, आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. कारखाने गाळलेल्या उसाच्या टनामागे तिला पैसे देतात. द्राक्ष बागायतदारांनी साठच्या दशकापासून स्वतःचा राज्यव्यापी संघ चालवला. छाटणीपासून औषधांच्या अंशापर्यंत सगळं एकमेकांना शिकवलं.

पण सगळ्यात ठळक उदाहरण अंड्याचं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अंड्याचा भाव व्यापारी ठरवत आणि पोल्ट्रीवाल्याचा खर्चही निघत नसे. वेंकटेश्वरा हॅचरीजचे डॉ. बी. व्ही. राव यांनी पोल्ट्रीवाल्यांना एकत्र आणलं आणि १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, म्हणजे ‘एनईसीसी’, उभी राहिली. आपल्या अंड्याचा भाव आपण जाहीर करायचा, हे तिचं पहिलं काम. प्रचार हे दुसरं. वारांची नावं घेत रोज अंडं खायला सांगणारी दूरदर्शनवरची ती जाहिरात तुमच्या आईवडिलांना विचारा, गुणगुणून दाखवतील. त्या जाहिरातीत कुठल्या कंपनीचं अंडं विकलं नाही. फक्त अंडं विकलं.

२०२१ चा ऑगस्ट

संघटित असण्या-नसण्याचा फरक किती पडतो, ते २०२१ मध्ये दिसलं. ऑगस्टच्या सुरुवातीला लातूर-अकोल्याच्या बाजारात सोयाबीन दहा हजारांच्या आसपास गेलं. पेंड महागली आणि पोल्ट्री उद्योग अडचणीत आला. त्यांच्या संघटनांनी सरकारकडे आयातीची मागणी केली आणि त्याच महिन्यात १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी मिळाली. पुढे नवा माल बाजारात आला, तोवर भाव पाच हजारांच्या आसपास उतरला होता. डिसेंबरात सोयाबीनचे वायदेही बंद झाले. भाव पडायला एकटी आयात कारण नव्हती. नवं पीकही येत होतं. पण एका बाजूला आकडे, पत्रं, शिष्टमंडळं तयार होती आणि दुसऱ्या बाजूला मोर्चे होते. मोर्चा भाव पडल्यावर निघतो. शिष्टमंडळ त्याआधी पोचलेलं असतं.

गंमत अशी की ज्या कोंबडीमुळे पेंडीला मागणी आहे, तिचं अंडं विकायची तजवीज पोल्ट्रीवाल्यांनी १९८२ पासून करून ठेवली आहे. सोयाबीन शेतकऱ्याची मागणी दुसऱ्यांनी वाढवली. पण ज्यानं मागणी वाढवली, भावाची दोरीही त्याच्याच हातात राहिली.

साडेचारशे रुपये

समजा, एका शेतकऱ्याला २० क्विंटल सोयाबीन झालं आणि ४,५०० रुपये भाव मिळाला. हातात ९०,००० रुपये. अर्धा टक्का म्हणजे ४५० रुपये. आता राज्याचं उत्पादन ढोबळमानानं ५० लाख टन धरा. त्याच भावानं अर्धा टक्का होतो ११२ कोटींच्या वर, आणि तोही दरवर्षी. येलो मोझॅकला टिकणारं वाण, गावात ओलावा मोजायचं यंत्र, सोया दूध-पनीरचा बाजार, शिवाय कुणाच्याही मेहेरबानीवर नसलेले स्वतःचे पीक-अंदाज, या सगळ्याला तो पैसा उपयोगी पडू शकतो.

यावरचे आक्षेप मला ठाऊक आहेत आणि ते खरे आहेत. २०२४-२५ मध्ये हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात त्याहून कमी भाव मिळाला. अशा शेतकऱ्याकडे आणखी ४५० मागायचे? आणि ते गोळा झालेच, तर त्या मंडळावर शेतकरी बसेल की पुढारी? कापूस कमिटीचा अनुभव सांगतो की पैसा पिकाचा असला तरी खुर्ची दुसऱ्याची असू शकते. शिवाय प्रचारानं आयात शुल्क ठरत नाही. मे २०२५ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आलं, ते कुठल्याही जाहिरातीनं थांबलं नसतं.

म्हणून सुरुवात सक्तीनं होऊ नये, असं मला वाटतं. आज शेतकरी उत्पादक कंपन्या सोयाबीन खरेदी करतात, हमीभाव केंद्रंही चालवतात. पट्टी तिथंच बनते. त्या पट्टीत एक ओळ वाढवता येईल: सोयाबीन निधी. ज्याला द्यायचा तो देईल, नको त्याला परत मिळेल, आणि वर्षाअखेरीला हिशोब गावातल्या फलकावर लागेल. पैसा आधी थोडाच जमेल. पण बाजार फीच्या रुपयावर शेतकऱ्याचं नाव नाही. या पैशावर असेल. ज्या पैशावर आपलं नाव असतं, त्याचा हिशोब माणूस मागतो. आणि हिशोब मागायला लोक एकत्र बसले, की संघटनेचं निम्मं काम तिथंच होतं.