लंडनची खोकडं: मारणं का थांबलं?

आजच्या भागात आधी एक नाव नीट लावून घेऊ. इसापच्या गोष्टीतला, द्राक्षं आंबट म्हणणारा 'फॉक्स' मराठीत येताना कोल्हा झाला. खरं तर तो खोकड. कोल्हा म्हणजे जॅकल. कोल्ह्याकडे शेवटी येऊच, आधी खोकड.

आज लंडनमध्ये रात्री दहा वाजता फुटपाथवर खोकड दिसलं तर कुणी थांबतसुद्धा नाही. पण ही शंभर वर्षांच्या आतली गोष्ट आहे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ब्रिटनमध्ये सुमारे 40 लाख घरं बांधली गेली. लंडनभोवती जोडघरांची उपनगरं पसरली, प्रत्येक घरामागे लांबट बाग. कंपोस्टचा ढीग, पडलेली फळं, गांडुळं, उंदीर, आणि लाकडी शेडखाली कोरडी जागा. खोकडाला आणखी काय हवं? 1930 च्या दशकापासून ती या उपनगरांत दिसू लागली.

मग तक्रारी आल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर आधी सरकारी खात्याची माणसं आणि पुढे लंडनमधल्या काही स्थानिक परिषदा खोकडं पकडून, गोळ्या घालून मारायच्या. हे 1980 च्या दशकापर्यंत चाललं आणि मग बंद पडत गेलं. दया आली म्हणून नाही बरं का. खर्च होत होता आणि खोकडं कमी होत नव्हती!

असं का, हे ब्रिस्टलमध्ये प्राध्यापक स्टीफन हॅरिस यांनी वर्षानुवर्षं केलेल्या अभ्यासातून समजतं. खोकडं हद्द राखून राहतात. एकाला मारलं की ती हद्द रिकामी होते आणि शरद ऋतूत घर शोधत फिरणारं एखादं तरुण खोकड तिथे येऊन बसतं. म्हणजे आपण खोकड नाही, फक्त भाडेकरू बदलतो. 1994 मध्ये ब्रिस्टलमध्ये खरजेची साथ आली. दोनेक वर्षांत तिथली 95 टक्क्यांहून जास्त खोकडं गेली, तेव्हा कुठे संख्या खरोखर कोसळली. एवढी कत्तल कुठल्या परिषदेला जमणार होती?

दरम्यान कायदाही बदलत गेला. पाय अडकवणारे दातेरी सापळे 1950 च्या दशकात बंद झाले. 1996 च्या कायद्यानं वन्य सस्तन प्राण्यांना मुद्दाम छळणं गुन्हा ठरलं. मग उरलं काय? समजून घेऊन हुसकावणं.

त्याचं तंत्र साधं आहे, पण वेळापत्रक पाळावं लागतं. मादी साधारण मार्चमध्ये विते, पिल्लं एप्रिलच्या शेवटी बाहेर डोकावतात. त्या काळात बीळ बुजवलं तर पिल्लं आत कोंडून मरतात. म्हणून थांबायचं. पिल्लं मोठी झाली की बिळाच्या तोंडाशी पेंढा किंवा मोकळी माती सैल भरायची. काही दिवस ती कुणी उकरली नाही, म्हणजे आत कुणी नाही. मग जाळी बसवायची, तीही जमिनीत थोडी पुरून. कचऱ्याला घट्ट झाकण, कोंबड्यांना मजबूत खुराडं. बस्स.

"आणि रेबीज?" असं तुम्ही विचारणार, आणि प्रश्न रास्त आहे. युरोपात खोकडांमधला रेबीज पूर्वेकडून सरकत 1968 मध्ये फ्रान्समध्ये पोहोचला होता. अनेक देशांनी बंदुका चालवल्या, बिळांत विषारी वायू सोडला. साथ पुढे सरकतच राहिली. 1978 मध्ये स्वित्झर्लंडनं वेगळंच केलं. कोंबडीच्या मुंडक्यांमध्ये लस घालून ती ऱ्होन नदीच्या खोऱ्यात टाकली. खोकडांनी ती खाल्ली आणि साथ तिथेच अडली. ही पद्धत पुढे युरोपभर गेली. 1999 मध्ये स्वित्झर्लंड आणि 2001 मध्ये फ्रान्स रेबीजमुक्त झाला. जे बंदुकीला जमलं नाही, ते आमिषातल्या लशीनं केलं.

आता आपला कोल्हा. खारघर, विक्रोळी, चेंबूर या भागांत खारफुटीला लागून टॉवर उभे राहिले आणि कोल्हा आपल्या आवारात दिसायला लागला. 2024 मध्ये चेंबूर परिसरात मेलेल्या कोल्ह्याला रेबीज असल्याचं निष्पन्न झालं, तेव्हा सोसायट्यांमध्ये घबराट पसरणं साहजिक होतं. पण आपला कोल्हा म्हणजे लंडनचं खोकड नव्हे, आणि ब्रिटनमध्ये रेबीज नाही, आपल्याकडे आहे. त्यामुळे चावा झाला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं 15 मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. यात हयगय नको. कोल्हा वेड्यासारखा वागताना दिसला तर काठी नाही, वनविभागाला फोन. त्याला मारणं किंवा पकडणं आपल्या कायद्यानं गुन्हा आहेच.

बाकी धडा मात्र तोच. उघडा कचरा आणि भटक्या कुत्र्यांचं लसीकरण, हे दोन विषय सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये घ्या. लंडनला हे कळायला चाळीसेक वर्षं लागली, आपल्याला तेवढी लागायची गरज नाही.

तुमच्या भागात कोल्हेकुई ऐकू येते का? नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!