खलाशांचा पगार आणि मुंबईचं बिल

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर नेहमीप्रमाणे इथे टाकतोय. बोलताना जे अडखळलो, ते तेवढं काढून टाकलंय.

आजचा विषय समुद्राचा आहे, आणि सांगणारा आहे वर्धा जिल्ह्यातला. हसू नका. मी पुलगावचा. आमच्या गावाला लागून लष्कराचा दारूगोळ्याचा डेपो आहे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला, देशातल्या सगळ्यात मोठ्या डेपोंपैकी एक. माझ्या बाबांचं किराणा दुकान होतं. त्यांच्या उधारीच्या वहीत महिन्याचे दोनच भाग असायचे: पगाराआधी आणि पगारानंतर. पगार झाला की चार दिवस दुकानात उभं राहायला जागा नसायची. मग पंधरा-वीस दिवस बाबा पेपर वाचायचे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्या गावांचे बाजार असेच चालतात.

आता मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. गेल्या वर्षी ऑफिसमधली पोरं पटायाला जाऊन आली. फोटो दाखवता दाखवता एक जण म्हणाला, "काय बे, हे शहर फक्त टूरिस्टसाठीच बांधलंय वाटतं!" मी जरा वाचलं. पटाया हे एकेकाळी मच्छीमारांचं छोटं गाव होतं. १९६०च्या दशकात व्हिएतनाम युद्ध पेटलं, थायलंडमध्ये अमेरिकेचे तळ आले आणि सुट्टीवरचे सैनिक या किनाऱ्यावर यायला लागले. त्यांच्यासाठी बार झाले, हॉटेलं झाली. युद्ध संपलं, तरी शहराचा साचा तोच राहिला. पुढेही अमेरिकन नौदलाची जहाजं तिथे थांबत राहिली. एक मोठी विमानवाहू नौका म्हणजे पाच हजारांच्या आसपास माणसं. खिशात साठलेला पगार, हातात तीन-चार दिवसांची सुट्टी. आमच्या भाषेत सांगायचं तर अचानक येणारा पीक लोड.

मग प्रश्न पडला: आपल्याकडे असं कुठे झालं? उत्तर आपल्या नाकासमोर आहे. मुंबई!

वर्ध्याचा कापूस, सुवेझचं पाणी

ही गोष्ट सुरू होते तीही आमच्याकडूनच. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. तिथला कापूस अडकला आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी हिंदुस्थानाकडे तोंड वळवलं. वर्धा खोऱ्यातला हिंगणघाटी कापूस तिकडच्या बाजारात नावाने ओळखला जायचा. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली, आमच्या पुलगाव-वर्ध्यावरूनच. आता गाठी थेट मुंबईच्या बंदराकडे जायला लागल्या.

दोनच वर्षांनी, नोव्हेंबर १८६९ मध्ये, सुवेझ कालवा उघडला. त्याआधी जहाजं आफ्रिकेला पूर्ण वळसा घालून यायची. कालव्यामुळे लंडन-मुंबई अंतर जवळपास ४० टक्क्यांनी घटलं. आगबोटींची ये-जा वाढली. १८८० साली प्रिन्सेस डॉक सुरू झाला, १८८८ साली व्हिक्टोरिया डॉक. व्यापारी जहाजं, गोरी पलटण ने-आण करणारी जहाजं, ब्रिटिश आरमाराच्या युद्धनौका, सगळ्यांचे खलाशी मुंबईत उतरायला लागले.

आता खलाशाच्या पैशाचा स्वभाव बघा. गिरणी कामगार महिन्याला कमावतो आणि महिनाभर खर्च करतो. खलाशी समुद्रावर महिनोन्‌महिने असतो. तिथे खर्चायला काही नसतं, म्हणून पैसा साचतो. मग तो एकदम, एका शहरात आणि मोजक्या गल्ल्यांत मोकळा होतो. राहायची खोली, जेवण, दारू, कपडे, गाडीभाडं, बाई. या गल्ल्यांना खलाशी हवा असतो तो भरल्या खिशाचा. खिसा रिकामा झाला की तो नकोसा.

जगातल्या प्रत्येक मोठ्या बंदरात या पैशावर टपलेले लोक असायचे. खानावळवाला खलाशाला उधारीवर ठेवायचा, पाजायचा, कर्जात बुडवायचा आणि मग पुढच्या सफरीची आगाऊ उचल स्वतःच्या खिशात घालायचा. म्हणजे माणूस जहाजावर चढायच्या आधीच त्याचा पगार संपलेला!

पोलीस मुख्यालयाच्या माथ्यावरचा समुद्रदेव

कधी मुंबईला गेलात, तर रीगल सिनेमाच्या चौकात उभे राहा. तिथे दगडी बांधकामाची एक देखणी इमारत आहे. आज तिथे महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय आहे. वर बघा, दर्शनी भागाच्या त्रिकोणात समुद्रदेव नेपच्यून कोरलेला दिसेल. पोलिसांचा आणि समुद्रदेवाचा काय संबंध?

संबंध असा की ही इमारत खलाशांसाठी बांधली होती. नाव रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम. १८७० साली राणी व्हिक्टोरियाचा मुलगा प्रिन्स आल्फ्रेड मुंबईला आला होता. तो स्वतः आरमारातला अधिकारी. त्याच्या हस्ते पायाभरणी झाली. बडोद्याचे खंडेराव गायकवाड यांनी मोठी देणगी दिली. आराखडा केला एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी, ज्यांनी पुढे व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचं सीएसएमटी, उभारलं. १८७६ साली इमारत पूर्ण झाली. हेतू हा की गोऱ्या खलाशाला स्वच्छ खोली आणि स्वस्त जेवण मिळावं, म्हणजे तो गुत्त्यात आणि लुबाडणाऱ्यांच्या हाती जाणार नाही.

१९२८ साली सरकारने ती कायदेमंडळासाठी घेतली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला विधानभवन नरिमन पॉइंटला जाईपर्यंत राज्याचे कायदे याच इमारतीत होत होते. आमचे वर्ध्याचे आमदारही तिथेच बसायचे.

पण मला यात वेगळंच दिसतं. एखादं शहर खलाशांसाठी एवढा महाल बांधतं, याचा अर्थ खलाशांच्या येण्याचा त्रास तेवढा मोठा झाला होता. १८६९ सालीच सरकारला बेकार, भटक्या युरोपियन लोकांसाठी वेगळा कायदा करावा लागला होता. जहाज सुटलेला, पैसे संपलेला गोरा खलाशी रस्त्यावर भीक मागताना दिसला, तर साहेबाचा रुबाब काय राहणार? म्हणून त्याला कामगारगृहात ठेवा, नाहीतर परत पाठवा. खर्च सरकारी तिजोरीतून.

म्हणजे गुत्तेवाला कमावतो, दारूच्या परवान्यावर सरकार कमावतं, आणि पोलीस, दवाखाने, निवारा यांचं बिल करदाते भरतात. बाबांच्या वहीत जमा आणि नावे समोरासमोर असायचे. शहराच्या वहीत ते वेगवेगळ्या लोकांच्या नावावर पडतात.

सगळ्यात मोठं बिल कोणी भरलं?

आता जरा अवघड भाग. लहान भाऊ-बहीण शेजारी असतील तर हेडफोन लावा, पण ऐका नक्की.

इंग्रज सरकारला काळजी होती की सैनिक आणि खलाशी गुप्तरोगांनी आजारी पडतात. इंग्लंडमध्ये १८६४ पासून बंदरांसाठी आणि छावणीच्या गावांसाठी कायदे झाले होते. इथे १८६८ साली तसाच कायदा आला आणि १८७० मध्ये तो मुंबईत लागू झाला. कायदा काय सांगायचा? वेश्याव्यवसाय करणाऱ्या बाईने नाव नोंदवायचं. ठरावीक काळाने शरीराची तपासणी करून घ्यायची. रोग सापडला तर बंद इस्पितळात राहायचं. टाळलं तर शिक्षा.

आणि खलाशाची तपासणी? या कायद्यात ती नव्हतीच.

साधं लॉजिक लावा. दोन माणसांमध्ये रोग फिरतोय, तुम्ही एकालाच तपासताय. असा कोड मी लिहिला तर माझा लीड तो रिव्ह्यूलाच परत पाठवेल. पण इथे चूक नव्हती, तो हिशेब होता. पैसा आणणारा ग्राहक दुखवायचा नाही. किंमत तिने मोजायची.

गंमत बघा, खुद्द हा कायदा राबवायचा खर्च कोणी करायचा, यावरून सरकार आणि महापालिका यांच्यात वाजलं. १८७२ मध्ये अंमल थांबला. १८८० मध्ये पुन्हा सुरू झाला. पुष्कळ बायका नोंदणी टाळत राहिल्या. तिकडे इंग्लंडमध्ये जोसेफिन बटलर यांनी मोठी चळवळ उभी केली, १८८६ साली तिथले कायदे गेले, आणि १८८८ साली इथलाही गेला.

कायदा गेला, गल्ल्या राहिल्या. कामाठीपुऱ्याजवळच्या एका रस्त्यावर पूर्व युरोपातून आणलेल्या गरीब बायका राहायच्या, म्हणून त्याला लोक सफेद गल्ली म्हणायचे. सुवेझच्या त्याच पाण्यावरून खलाशी आले आणि त्यांच्या मागोमाग या बायकाही आणल्या गेल्या. फायद्याची वाट आणि शोषणाची वाट एकच होती.

आपले खलाशी कुठे राहायचे?

नेपच्यूनखालच्या त्या महालाचा पाहुणा होता गोरा खलाशी. पण जहाजाच्या पोटात कोळसा ओढणारे, डेक धुणारे, स्वयंपाक करणारे पुष्कळ जण आपले होते. रत्नागिरीचे, गुजरातचे, गोव्याचे. पगार गोऱ्या खलाशाच्या कितीतरी खाली. काम मिळवायला सारंगाला पैसे चारायचे आणि काम मिळेपर्यंत खानावळीत उधारीवर राहायचं.

गोवेकरांनी यावर स्वतःचा तोडगा काढला. धोबी तलाव, माझगाव या भागांत गावागावाचे कुड, म्हणजे क्लब, उभे केले. आपल्या गावचा माणूस असेल तर थोड्या पैशांत झोपायला जागा, ट्रंक ठेवायला कोपरा. त्यामुळे पैसा मुंबईच्या गुत्त्यात न सांडता गावी पोचायचा. घराचं छप्पर, बहिणीचं लग्न, पोरांचं शिक्षण. खलाशी तोच, समुद्र तोच. फक्त राहायची सोय बदलली आणि पैशाने वेगळी वाट धरली.

हिंदी खलाशांसाठी मशीद बंदर भागात इंडियन सेलर्स होम झालं, पण पहिल्या महायुद्धानंतर. त्या युद्धात गेलेल्या दोन हजारांहून जास्त हिंदी खलाशांचं स्मारक तिथे आहे.

जेव्हा दुकानदार म्हणाले, न्या

१८ फेब्रुवारी १९४६. कुलाब्याच्या 'तलवार' या नौदलाच्या सिग्नल शाळेत हिंदी नौसैनिकांनी संप केला. जेवण निकृष्ट, पगारात भेदभाव, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या. बघता बघता ७८ जहाजं, २० तळ आणि जवळपास २०,००० नौसैनिक त्यात उतरले. सरकारने बराकींना वेढा घातला, २१ तारखेला गोळीबार झाला.

तेव्हा मुंबईकर अन्न घेऊन गेटवे ऑफ इंडियावर गेले. दुकानदार नौसैनिकांना म्हणाले, हवं ते न्या. दुसऱ्या दिवशी गिरण्या बंद पडल्या. शहरात झालेल्या गोळीबारात दोनशेहून जास्त माणसं मेली. २३ तारखेला सरदार पटेल आणि इतर नेत्यांच्या सांगण्यावरून नौसैनिकांनी माघार घेतली.

मला हा प्रसंग या सगळ्या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पाऊणशे वर्षं या शहराने खलाशाकडे खिसा म्हणून पाहिलं. त्या आठवड्यात त्याच्याकडे भुकेला पोरगा म्हणून पाहिलं. उधारीच्या कुठल्याही वहीत ती नोंद नसेल.

मग आमचं काय?

फिलिपिन्समध्ये ओलोंगापो नावाचं शहर आहे, सुबिक बे या अमेरिकन नौदल तळाला चिकटून वाढलेलं. १९९१ साली तिथल्या सिनेटने १२ विरुद्ध ११ मतांनी तळाचा करार नाकारला. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये शेवटचं अमेरिकन जहाज निघून गेलं. एका मोठ्या गिऱ्हाइकावर उभं असलेलं शहर उघडं पडलं. त्यांनी तळाच्या जागी मुक्त बंदर उभारलं, कारखाने आणले, आणि नवी सुरुवात केली.

माझं पुलगाव काही समुद्रावर नाही, आणि आमच्या जिल्ह्यात तर १९७०च्या दशकापासून दारूबंदी आहे. अर्थात वर्धा नदीचा पूल ओलांडला की अमरावती जिल्हा, तिथे बंदी नाही. कायदा केला म्हणून पैसा थांबत नाही, तो पूल ओलांडतो. पण डेपोच्या पगारावर चार दिवस भरणारा बाजार मी पाहिलाय. आणि ३१ मे २०१६ची पहाटही गाव विसरलेलं नाही. डेपोत आग लागली, स्फोट झाले, अधिकारी, जवान आणि आग विझवायला धावलेले कर्मचारी गेले. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं अंधारात घर सोडून पळाली. पगाराचा दिवस सगळ्या गावाचा असतो. त्या पहाटेचं बिल मात्र मोजक्या घरांच्या नावावर पडलं.

म्हणून पुढच्या वेळी "एवढे पाहुणे येणार, शहराला एवढे कोटी मिळणार" अशी बातमी वाचाल, तेव्हा दोन प्रश्न विचारा. पैसा नेमका कुठल्या गल्लीत जाणार? आणि बिल कुठल्या गल्लीत येणार? दोन्ही उत्तरं एकच असतील तर पाहुण्यांचं स्वागत करा. वेगळी असतील, तर आधी बिलाचं बोला.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावाचा बाजार कोणाच्या पगारावर चालतो, मला नक्की कळवा. कारखाना, साखर, कॉलेज, देवस्थान, काहीही. चांगल्या गोष्टी आल्या तर पुढचा भाग त्यावरच करू. चला, भेटू.