लेविन यांचा बदल-सिद्धांत

समूहाच्या सवयी कशा बदलतात हे तीन टप्प्यांत मांडणारा मानसशास्त्रीय सिद्धांत. नाझी राजवटीमुळे १९३३ मध्ये जर्मनी सोडून अमेरिकेत गेलेले मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन (१८९०–१९४७) यांनी तो मांडला. गोठलेली सवय आधी वितळवायची, मग ती बदलायची आणि नवी रीत पुन्हा गोठवून पक्की करायची, असा त्याचा क्रम आहे.

मुळाशी प्रत्यक्ष प्रयोग होते. दुसऱ्या महायुद्धातील मांसटंचाईत अमेरिकी गृहिणींनी गुरांचे हृदय, गुर्दे असे नावडते भाग रांधावेत, असा प्रयत्न झाला. नुसते व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के गृहिणींनी ते शिजवले. गटात चर्चा करून निर्णय घेतलेल्यांपैकी ३२ टक्के.

व्यवस्थापनात हीच दृष्टी व्हर्जिनियातील हारवुड कंपनीच्या पायजमा कारखान्यात उतरली. लेस्टर कॉच आणि जॉन फ्रेंच यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कामाची पद्धत वरून लादलेल्या गटातील १७ टक्के कामगार ४० दिवसांत नोकरी सोडून गेले. बदल ठरवण्यात सहभागी झालेल्यांचे उत्पादन मात्र लवकर सावरले.

परिचर्येत पाळी बदलतानाची माहिती परिचारिका-कक्षाऐवजी रुग्णाच्या खाटेजवळ देण्याची पद्धत रुजवताना हा सिद्धांत वापरतात. चुका टळणे, रुग्णाला प्रश्न विचारता येणे ही बदलाला रेटणारी बले. वेळेची ओढाताण आणि शेजारच्या रुग्णासमोर खासगी बाबी उघड होण्याची भीती ही रोखणारी. लेविन यांच्या मते रेटा वाढवण्यापेक्षा अडथळे कमी करणे अधिक उपयोगी ठरते.

सततच्या उलथापालथीत ‘पुन्हा गोठवणे’ शक्य नसते, असा टीकाकारांचा आक्षेप आहे.