डेन्व्हरची पारख

8 फेब्रुवारी 1936 रोजी फिलाडेल्फियातील रिट्झ-कार्लटन हॉटेलात अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल संघांचे मालक एकत्र जमले, आणि महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या तरुण खेळाडूंसाठी आपसांत चढाओढ करण्याऐवजी जो संघ सर्वांत दुबळा ठरला असेल त्याने पहिली निवड करावी, त्याच्यामागून क्रमाक्रमाने इतरांनी, हा ईगल्स संघाचे मालक बर्ट बेल यांचा प्रस्ताव त्यांनी प्रथमच अमलात आणला. ड्राफ्ट या नावाने रूढ झालेल्या या वाटणीत पहिला मान शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वँगर यास मिळाला. पुढे हाइझमन या नावाने ओळखला गेलेला सन्मान पटकावणारा हा पहिलाच खेळाडू. पण मानधनाचा सौदा जमला नाही, आणि व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना तो कधी खेळला नाही. त्या काळी निवड व्हायची ती नावलौकिकाची. आपल्या संघाच्या खेळाची घडण कोणती आणि तीत हा गडी बसेल कोठे, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारी.

चेंडू पोटाशी धरून धावणाऱ्या गड्याच्या, म्हणजे रनिंग बॅकच्या बाबतीत तर तो प्रश्न सर्वांआधी विचारावयास हवा. कारण त्याचे यश त्याच्या एकट्याच्या पायांत कधीच नसते. 1957 साली ग्रीन बे पॅकर्सने सर्वांआधी निवडलेला नोत्र दामचा पॉल हॉर्नंग हा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा गडी, दोन वर्षे या जागेवरून त्या जागेवर फिरत राहिला. 1959 मध्ये व्हिन्स लोम्बार्डी यांनी संघाचा कारभार हाती घेऊन त्याची हाफबॅक, म्हणजे धावणारा गडी, म्हणून कायम नेमणूक केली. तो धावता धावता चेंडू फेकूही शकत असल्यामुळे प्रतिपक्षाची पावले अडखळत, आणि 1960 च्या हंगामात अवघ्या 12 सामन्यांत त्याने एकट्याने 176 गुण मिळवले, हा विक्रम 2006 पर्यंत अबाधित होता. प्रतिस्पर्धी ज्या दिशेस जाऊ पाहील त्याच दिशेस त्यास ढकलावे, आणि जिकडे वाट उघडेल तिकडे धावणाऱ्याने शिरावे, ही लोम्बार्डींची शिकवण होती. पुढे डेन्व्हरच्या संघाने रूढ केलेल्या पद्धतीचे बीज मला त्या शिकवणीत दिसते.

1995 साली माइक शानाहान डेन्व्हर ब्रॉन्कोज संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि आघाडीच्या फळीची जबाबदारी त्यांनी अ‍ॅलेक्स गिब्ज यांच्यावर सोपविली. तोवर बहुतेक संघांत धावण्याची वाट आधीच मुक्रर असे व ती उघडण्यासाठी प्रत्येक गड्यास कोणाला अडवायचे हे नेमून दिलेले असे. गिब्ज यांनी माणसाऐवजी जमिनीचा पट्टा नेमून दिला. चेंडू हलताच फळीतील पाचही जण एकाच पावलाने, एकाच बाजूस तिरपे सरकत. त्यांच्या मागून धावणारा मैदानाच्या कडेकडे निघे आणि त्याचे डोळे प्रतिपक्षाच्या टोकाच्या गड्यावर खिळलेले असत. तो गडी आत वळला तर धावणाऱ्याने बाहेरून जावयाचे. तो बाहेर ताणला गेला तर बाहेरचे पाऊल जमिनीत रोवून एकदाच, फक्त एकदाच, आत वळावयाचे, आणि मग मागेपुढे न पाहता सरळ सुटावयाचे. मागच्या बाजूचे गडी प्रतिस्पर्ध्यांच्या पायांत झेप घेऊन त्यांस खाली पाडीत. यामुळे गुडघ्यांस इजा होते, ही प्रतिस्पर्ध्यांची तक्रार मला रास्त वाटते.

या पद्धतीस हवा होता थोडा धीर आणि त्यामागोमाग तत्काळ निश्चय. 1995 च्याच ड्राफ्टमध्ये 196 व्या क्रमांकावर, सहाव्या फेरीत, जॉर्जिया विद्यापीठाचा टेरेल डेव्हिस डेन्व्हरने घेतला. चेंडू फेकण्यावर भर देणाऱ्या त्या विद्यापीठाच्या संघात, दुखापतींनी ग्रासलेल्या या खेळाडूकडे इतरांचे लक्ष गेले नव्हते. त्याच्या बळावर संघाने लागोपाठ दोन सुपर बोल जिंकले आणि 1998 मध्ये त्याने 2,008 यार्ड मिळवले. 1999 मध्ये त्याचा गुडघा निकामी झाल्यावर चौथ्या फेरीतील ओलँडिस गॅरीने 1,159, आणि 2000 मध्ये सहाव्या फेरीतील माइक अँडरसनने 1,487 यार्ड मिळवले.

त्यावरून डेन्व्हरच्या फळीमागे कोणीही धावावे, असा ग्रह सर्वत्र रूढ झाला. मला तो उतावळा वाटतो. शर्यतीचे घड्याळ आणि वजनकाटा यांत जे सापडत नाही ते त्या संघाने नेमके हेरले होते, आणि जे गुण इतरांस मोलाचे वाटत त्यांची किंमत देण्याचे त्याने टाळले होते. ही पारख फळीइतकीच दुर्मीळ होती. 2002 साली निवडलेल्या क्लिंटन पोर्टिसने डेन्व्हरमध्ये दोन वर्षे प्रत्येक धावेमागे सरासरी 5.5 यार्ड मिळवले. बचावपटू चॅम्प बेलीच्या मोबदल्यात तो 2004 मध्ये वॉशिंग्टनला गेला. तेथे प्रशिक्षक जो गिब्ज यांची पद्धत निराळी होती: फळीतील धिप्पाड गडी जागा सोडून पलीकडे धावत आणि आखून दिलेली वाट फोडून काढीत. त्या पहिल्या हंगामात पोर्टिसची सरासरी 3.8 वर आली. पुढच्या वर्षी त्याने त्या रीतीशी जुळवून घेत 1,516 यार्ड मिळवले, तरी सरासरी 4.3 च्या वर गेली नाही. पाय तेच होते.

पुढे शानाहान स्वतःच वॉशिंग्टनचे प्रशिक्षक झाले. 2012 च्या ड्राफ्टमध्ये, पुन्हा सहाव्या फेरीत, त्यांनी फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठाचा आल्फ्रेड मॉरिस घेतला, आणि पहिल्याच हंगामात त्याने 1,613 यार्डांचा त्या संघाचा विक्रम केला. 2013 च्या हंगामाअखेर शानाहान यांना निरोप मिळाला. मॉरिस आणखी दोन वर्षे तेथेच होता, आणि दुसऱ्या वर्षी त्याच्या खात्यावर 751 यार्ड जमा झाले.