नाव नको, नंबर सांग

मी आठवीत होतो. साल १९८४ असावं. कराडजवळ महामार्गाच्या कडेला आमच्या अब्बांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे पत्र्याचं छप्पर, खाली तेलानं काळी झालेली माती आणि मधोमध उघडून ठेवलेलं एखाद्या ट्रकचं इंजिन. त्या दिवशी अब्बांनी मला पिस्टनच्या रिंगा आणायला गावात पाठवलं. मी दुकानदाराला ऐटीत सांगितलं, "टाटाच्या ट्रकच्या द्या." त्यानं दिल्या. गॅरेजात आणून बघतो तर सिलिंडरमध्ये सैल! अब्बा चिडले नाहीत. त्यांनी इंजिनावरची पट्टी फडक्यानं पुसली, तिच्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "नाम नक्को बेटा, नंबर बोल."

पट्टीवर ६९७ होतं. मी आणल्या होत्या ६९२च्या रिंगा. सहा म्हणजे सिलिंडर सहा आणि पुढचे दोन आकडे म्हणजे सिलिंडरच्या तोंडाची रुंदी, मिलिमीटरमध्ये. एकाची ९७, दुसऱ्याची ९२. पुढे छोट्या गाड्यांत ४९७ इंजिन आलं तेव्हा मला कुणाला विचारावं लागलं नाही. सिलिंडर चार, बोअर तेवढाच.

अब्बांना इंग्रजी येत नव्हतं. मराठीही ते अक्षराला अक्षर लावून वाचत. पण आकडा त्यांना वाचता येई आणि त्या काळचे ट्रक आकड्यांत बोलत. पुढे मी बी.ए. झालो, कविता लिहू लागलो. पण वाचायला शिकलो तो त्या पट्ट्यांवरून, असं मला आजही वाटतं.

सुरुवातीला मात्र रस्त्यावर नावाचाच दबदबा होता. १९५४ साली टाटांच्या टेल्को कंपनीनं जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार केला आणि त्याच वर्षी जमशेदपूरहून ट्रक बाहेर पडू लागले. पुढं लांब बॉनेट, त्यावर तीन टोकांचा तारा. आत ओएम ३१२ हे इंजिन. ओएम म्हणजे जर्मन भाषेत तेलावर चालणारं इंजिन, आणि ३१२ हा कारखान्याचा आपला क्रमांक. सहा सिलिंडर, साडेचार लिटरहून थोडं जास्त आकारमान आणि शंभराच्या आसपास अश्वशक्ती. यातलं काहीही ३१२ या आकड्यावरून कळत नसे. १९६९ साली करार संपला, तारा गेला, 'टी' आला. तरी आमच्या रस्त्यावरचे जुने ड्रायव्हर कितीतरी वर्षं 'मर्सिडीज'च म्हणत.

मग आले बोलके आकडे. १२१० म्हणजे गाडी आणि माल मिळून बारा टन, आणि शंभराच्या घरातली अश्वशक्ती. १६१३ म्हणजे सोळा टन आणि एकशे तीस. ही रीतही जर्मनांचीच. तिकडे मद्रासमध्ये १९४८ साली निघालेली अशोक मोटर्स १९५५ साली अशोक लेलँड झाली. तिच्या इंजिनांचे आकडे इंग्रजी मापाचे. ४०० म्हणजे चारशे घनइंच. कुणी वजन सांगे, कुणी बोअर, कुणी पोटातली जागा. मापं वेगवेगळी, पण प्रत्येक आकडा काहीतरी खरं सांगत असे.

इंजिनाच्या आतही पिढ्या बदलत होत्या. ३१२मध्ये डिझेल आधी बाजूच्या छोट्या कोठडीत पेटे आणि मग सिलिंडरमध्ये येई. त्यात उष्णता वाया जाई, डिझेल जास्त लागे. ६९७मध्ये ते थेट पिस्टनच्या डोक्यावरच्या खोलगट वाटीत फवारलं जाऊ लागलं. मग पट्टीवर आकड्यापुढं अक्षरं आली. टीसी म्हणजे टर्बो. बाहेर जाणाऱ्या धुराच्याच जोरावर पंखा फिरवून जास्त हवा आत कोंबायची. टीसीआयसी म्हणजे ती हवा थंड करून कोंबायची, कारण थंड हवा त्याच जागेत जास्त मावते. अब्बांनी ही अक्षरं चित्रासारखी पाठ केली होती.

पण बोलणारा आकडा ऐकायचा नाही असं माणसानं ठरवलं, तर आकडा काय करणार?

एक मालक यायचा. सोळा टनांची गाडी. "उस्ताद, मागं दोन पाटे वाढवून द्या," म्हणायचा. पाटे वाढवले की गाडी बसत नाही, म्हणजे माल जास्त घालता येतो. सगळेच घालत होते आणि सगळेच फिटर पाटे वाढवून देत होते. अब्बांनीही दिले. पाटे वाढले, पण ब्रेक होते तेवढेच राहिले. त्या पावसाळ्यात ती गाडी घाट उतरताना थांबली नाही. ड्रायव्हर आमच्या मोहल्ल्यातला होता. जनाजा आमच्या दारावरून गेला. अब्बा खांदा द्यायला गेले आणि परत आल्यावर दोन दिवस गॅरेज उघडलं नाही. त्यानंतर पाटे वाढवायला कुणी आलं, तर ते दारावरचा आकडा दाखवत. "ये लिख्या है ना? इतनाच उठाती." गिऱ्हाईक शेजारच्या गॅरेजात जाई. अब्बा जाऊ देत.

जादा माल भरण्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाचा कडक आदेश आला तो २००५ साली. आणि २०१८ साली सरकारनं आसांवरच्या वजनाची मर्यादाच वाढवली. तीन आसांची गाडी पंचवीस टनांवरून साडेअठ्ठावीस टनांवर गेली. मग २५१८ होती तिच्या जागी २८१८ आली, ३११८च्या जागी ३५१८. अठरा तेच, म्हणजे ताकद तेवढीच. तेव्हा अब्बा थकले होते. बातमी वाचून दाखवली तर त्यांनी एवढंच विचारलं, "ब्रेक भी बढाए क्या?"

दरम्यान इंजिनाला आणखी एक नवं नाव मिळालं होतं, तेही सरकारी. भारत स्टेज. हा आकडा ना वजनाचा, ना ताकदीचा, तो धुराचा. २०१७च्या मार्चअखेर सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला आणि १ एप्रिलपासून देशभर बीएस-तीन गाड्यांची विक्री थांबली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा आलं. पाच नंबरची पायरी मध्ये गाळलीच. डिझेलमधलं गंधक बीएस-तीनच्या वेळी दहा लाख भागांत ३५० भागांपर्यंत चाले, ते आता दहावर आलं. सायलेन्सरच्या जागी गाळण्या आल्या, धुरावर फवारायला युरियाचं पाणी आलं आणि डिझेल किती व कधी फवारायचं हे एक संगणक ठरवू लागला.

कंपन्यांनी या इंजिनांना नावंही झोकदार दिली. टर्बोट्रॉन, आय-जेन सिक्स. टर्बोट्रॉन पाच लिटरचं, सिलिंडर चारच, तरी ताकद १८० अश्वशक्ती. सहा सिलिंडरचं जुनं ६९७ टर्बोशिवाय सव्वाशेच्या आसपास थांबायचं. प्रगती खरीच आहे. पण नावावरून बोअर कळत नाही, सिलिंडर कळत नाहीत. नाव कानाला छान लागतं, हाताला काही सांगत नाही.

जुनं सगळं सोनं होतं, असं मी म्हणणार नाही. अब्बांचा रुमाल रोज संध्याकाळी काळा व्हायचा. डिझेलच्या धुरानं कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ साली जाहीर केलं. तोवर अब्बांनी चाळीस वर्षं तोच धूर घेतला होता. आता माझ्या पुतण्याच्या गॅरेजात भिंती पांढऱ्या राहतात, याचा मला आनंदच आहे.

अब्बा गेल्यावर एकदा तिथं गेलो होतो. रस्त्यातच बंद पडलेला एक बीएस-सहा ट्रक ओढून आणला होता. पुतण्यानं वायर जोडली, पडद्यावर बिघाडाचा एक क्रमांक उमटला. त्यानं तो वाचला आणि नेमका हात घातला. मी मनात म्हटलं, म्हणजे नंबर अजून बोलतो तर!

ड्रायव्हर बाजूला उभा होता. साठीचा, चाळीस वर्षं गाडी चालवलेला. तो पडद्याकडं न बघता पुतण्याच्या तोंडाकडं बघत होता. शेवटी त्यानं विचारलं, "काय म्हणतीय गाडी?"

पूर्वी हे त्याला विचारावं लागत नव्हतं.