चहाची दुकानं आणि एक नेमकी रिक्वायरमेंट

साल १९५४. ब्रिटनमधली लायन्स कंपनी. १५०हून जास्त चहाची दुकानं आणि 'लिओ' नावाचा स्वतःच बांधलेला कॉम्प्युटर. प्रश्न एकच: उद्या कुठल्या दुकानात किती माल पाठवायचा?

नुसतं 'ऑर्डरिंग फास्ट करा' म्हटलं, तर प्रोग्रामर लिहिणार काय? डेव्हिड कॅमिनरच्या टीमने आधी रोजचं काम समजून घेतलं. मग ठरलं: प्रत्येक दुकानाची नेहमीची ऑर्डर मशीनकडे राहील, मॅनेजरबाईंनी फोनवर फक्त बदल सांगायचा. ऐकता ऐकताच तो कार्डावर पंच व्हायचा. बाईंचं रोज अख्खा फॉर्म भरणं सुटलं.

म्हणून रिक्वायरमेंट लिहिताना आधी विचारा: कोण, कधी, नेमकं काय सांगणार? आणि कोणाचं काम कमी होणार?