आवाजाला घातलेल्या चुण्या

१/ १९५२ साली 'कॉमेट' विमान लंडन–जोहान्सबर्ग मार्गावर धावू लागले आणि प्रवासी जेटयुग अवतरले. त्यासोबतच आला कानठळ्या बसवणारा आवाज.

२/ नॉझलमधून सुसाटणारा तप्त झोत बाहेरच्या संथ हवेला घुसळतो. त्या घुसळणीतून हा ध्वनी जन्मतो. त्याच वर्षी मँचेस्टर विद्यापीठातील २८ वर्षांच्या जेम्स लाइटहिल यांनी गणिताने दाखवले, की ध्वनीची शक्ती झोतवेगाच्या आठव्या घातानुसार वाढते. वेग निम्मा झाला, तर ती २५६ पटींनी घटते.

३/ परंतु त्याच इंजिनाचा झोत मंदावला, तर रेटाही घटणार. रोल्स-रॉइसचे ग्रेटरेक्स यांनी मग नॉझलच्या कडेलाच चुण्या घातल्या. कडेची लांबी वाढली, हवा झोतात लवकर मिसळली आणि खर्जातला गडगडाट ओसरला.

४/ हा प्रश्न हौसेचा नव्हता. न्यूयॉर्कच्या विमानतळ प्राधिकरणाने आवाजाच्या अटीवरच जेट विमानांना प्रवेश दिला. १९६० मध्ये मुंबईत दाखल झालेल्या एअर इंडियाच्या बोइंग ७०७ विमानांच्या कॉनवे इंजिनांनाही चुणीदार नॉझल होते.

५/ त्याचे मोल वाढत्या वजनाने आणि घटत्या रेट्याने चुकवावे लागले. पुढे मोठ्या पंख्याच्या टर्बोफॅन इंजिनांनी अधिक हवा कमी वेगाने ढकलली. रेटा टिकला, आवाज घटला.

६/ चुण्या मात्र विस्मरणात गेल्या नाहीत. बोइंग ७८७ च्या इंजिनाची दातेरी कड त्याच विचाराची वंशज आहे. ती घडली गणितातून, तशीच विमानतळांशेजारी झोपमोड सोसणाऱ्या वस्त्यांच्या आग्रहातून.